हिटर प्लग दोनदा बदलले तरी सकाळी गाडी उठत नाही, आणि खालून तेल पण गळतंय

प्रश्न: माझा चार सिलेंडरचा जुना डिझेल ट्रक आहे, हलक्या वजनाचा. थंडीत सकाळी तीन-चार वेळा सेल्फ मारल्याशिवाय चालू होत नाही, झाला की पांढरा धूर टाकतो, मिनिटभर थरथरतो आणि मग एकदम नीट चालतो. वर्षभरात चारही हिटर प्लग (थंड इंजिनात सिलेंडर आतून तापवणारे ग्लो प्लग) दोनदा बदलले. डॅशबोर्डवरचा हिटरचा दिवा नेहमीसारखा लागतो आणि विझतो. दुसरं म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्सच्या जोडापाशी रात्रभरात तेलाचा डाग पडतो. टॅपेट कव्हरचं (इंजिनच्या माथ्यावरच्या झाकणाचं) पॅकिंग बदललं होतं, दोन महिन्यात परत तेच. आता क्रँकचं मागचं सील (क्रँक शाफ्टच्या मागच्या टोकाला तेल अडवणारं) गेलंय, गिअरबॉक्स उतरवावा लागेल असं सांगितलंय. आधी काय करू? इंजिनच संपलंय का?

उत्तर:

नमस्कार दादा, आधी शेवटच्या प्रश्नाचं सांगतो कारण झोप त्यानेच उडाली असणार. तुम्ही जे लिहिलंय त्यावरून इंजिन संपलंय असं अजिबात वाटत नाही. मिनिटभरात जे इंजिन नीट चालायला लागतं आणि मग दिवसभर तक्रार करत नाही त्याचं कॉम्प्रेशन (सिलेंडरमध्ये हवा दाबायची ताकद) अगदीच गेलेलं नसतं. गिअरबॉक्स उतरवायची घाई करू नका, आणि कृपा करून तिसऱ्यांदा प्लग विकत घेऊ नका, निदान आधीचे मोजून बघितल्याशिवाय तरी. तुमच्या पूर्ण पत्रात बदललं, बदललं, बदललं असंच आहे, मोजलं असं एकदाही नाही. मला वाटतं सगळी गोम तिथेच आहे.

आता एक गोष्ट नीट समजून घ्या. तुम्हाला या दोन वेगळ्या तक्रारी वाटतायत पण बऱ्याच गाड्यांमध्ये त्या एकाच जागेवरून सुरू होतात. टॅपेट कव्हरच्या मागच्या कोपऱ्यातून तेल पाझरतं, ते खाली उतरताना हिटर प्लगच्या वायरवरून, कपलरवरून (वायरी जोडायचं सॉकेट), कधी रिलेवरून (प्लगांना करंट सोडणारा स्विच) जातं आणि पुढे बेल हाउसिंगवर (इंजिन आणि गिअरबॉक्समधलं क्लचचं आवरण) ओघळून गिअरबॉक्सच्या जोडातून टपकतं. खाली बसून बघणाऱ्याला वाटतं क्रँक सील गेलं. आणि वर वायरींचं काय झालंय ते कोणी बघतच नाही.

हिटर प्लगपासून सुरू करू. तो दिवा लागतो आणि विझतो म्हणजे प्लग तापतायत असा अर्थ काढू नका. बऱ्याच जुन्या गाड्यांमध्ये तो दिवा फक्त टायमरवर चालतो, इंजिन किती थंड आहे ते बघून काही सेकंद लागतो आणि विझतो, चारही प्लग काढून बाकावर ठेवले तरी तसाच लागेल आणि विझेल. रिलेच्या टकटक आवाजाचंही तेच. आवाज येतो म्हणजे आतली कॉइल ओढतेय एवढंच, आतले कॉन्टॅक्ट जळून काळे पडले असतील तर आवाज व्यवस्थित येतो आणि करंट मात्र पुढे जात नाही.

पांढरा धूर म्हणजे न जळलेलं डिझेल. थरथर म्हणजे एक-दोन सिलेंडर अजून पेटलेले नाहीत, बाकीचे त्यांना ओढतायत. मिनिटभरात आतली भिंत गरम झाली की तेही पेटतात आणि गाडी शांत होते. तुमची लक्षणं बहुतेक हिटरच्या बाजूचीच आहेत. पण हिटरची बाजू म्हणजे नुसते प्लग नाहीत, त्यात बॅटरी आली, मोठा फ्यूज आला, रिले, मेन वायर, प्लगांना जोडणारी पट्टी, आणि ज्याच्याकडे कोणीच बघत नाही ती इंजिनची अर्थ वायर पण आली.

मोजायला साधा मल्टीमीटर पुरेल. इंजिन थंड असताना बॅटरीची निगेटिव्ह काढा, हातातली अंगठी-कडं काढून ठेवा, कारण रिलेच्या एका मोठ्या बोल्टवर चावी बंद असतानाही थेट बॅटरीचा करंट असतो आणि पाना जर बॉडीला टेकला तर पाना लाल होतो. मग प्लगांवरची पट्टी किंवा वायर मोकळी करा, मीटर ओहमवर लावा, दोन्ही प्रोब एकमेकांना टेकवून मीटरच्या वायरींचाच रेझिस्टन्स किती ते आधी बघून घ्या, साधारण ०.२ किंवा ०.३ येतो, तो नंतर वजा करायचा. आता एक प्रोब प्लगच्या टोकावर आणि एक इंजिनच्या स्वच्छ धातूवर. १२ व्होल्टचा चांगला प्लग थंड असताना साधारण अर्धा ते दोन ओहम दाखवतो. मेलेला प्लग काहीच दाखवत नाही, सर्किट तुटलेलं. चारही आकडे एकमेकांच्या जवळ असतील आणि एकच वेगळा असेल तर तो वेगळा संशयित.

पण प्लग चांगले निघाले, आणि माझा अंदाज आहे की तुमचे निघतील, तरी काम संपलं नाही. खरी परीक्षा पट्टी परत लावून, बॅटरी जोडून, थंड इंजिनवर चावी फिरवून लोड असताना करायची. एकाला चावीवर बसवा, तुम्ही बॉनेटपाशी थांबा. आधी बॅटरीच्या दोन टोकांवर व्होल्टेज बघा, शांत बसलेली भरलेली बॅटरी साधारण १२.६ दाखवते आणि हिटर लागले की थोडी खाली येते. मग लगेच प्लगच्या टोकावर बघा. दोन्हीत अर्ध्या व्होल्टपर्यंतचा फरक चालतो. समजा बॅटरीवर ११.६ आहे आणि प्लगवर ८.९ आलं, तर २.७ व्होल्ट वाटेत कुठेतरी खाल्ले जातायत. आणि उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या हिशोबाने कमी होते, म्हणजे अशा वेळी प्लगला मिळायला हवी त्यापेक्षा जवळजवळ चाळीस टक्के कमी ताकद मिळते. नवीन प्लग घाला, जुने घाला, काही फरक पडणार नाही.

मग तो करंट कुठे अडकतो ते शोधायला एकेक तुकडा मोजायचा, हिटर चालू असतानाच. एक प्रोब बॅटरीच्या पॉझिटिव्हवर, दुसरा रिलेच्या येणाऱ्या बोल्टवर. मग रिलेच्या येणाऱ्या आणि जाणाऱ्या बोल्टवर. मग जाणाऱ्या बोल्टपासून प्लगपर्यंत. आणि शेवटी इंजिनच्या धातूपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत. जिथे मीटर मोठा आकडा दाखवेल तिथेच रोग आहे. चांगल्या जोडावर हा आकडा अगदी किरकोळ असतो. एका वेळी हिटर जास्त वेळ लावून ठेवू नका, बॅटरीही उतरते आणि प्लगही उगाच शिजतात.

रिलेची कॉइलच ओढत नसेल तर त्याच्या दोन बारीक टर्मिनलवर बघा, चावी फिरवल्यावर तिथे व्होल्टेज येतंय का. येत असेल आणि रिले हलत नसेल तर रिले गेला. येतच नसेल तर मागे जा, टायमर किंवा पाण्याच्या तापमानाचा सेन्सर. सेन्सर जर इंजिन गरम आहे असं खोटं सांगत असेल तर टायमर हिटर लावणारच नाही किंवा क्षणभर लावून सोडून देईल, म्हणून ही टेस्ट कायम थंड इंजिनवर करा.

डीसी क्लॅम्प मीटर मिळाला तर अजून सोपं, मेन वायरला चिमटा लावायचा आणि चावी फिरवायची. साध्या १२ व्होल्टच्या प्लगला सुरुवातीला साधारण १५ ते २० अँपिअर लागतात आणि काही सेकंदात ते ८ ते १२ वर येतात. चार प्लगांची बेरीज तुम्हीच करा, एक मेला असेल तर एकूण आकडा पाव भागाने कमी दिसतो. काहीही न उघडता दहा सेकंदात कळतं, मला ही टेस्ट सगळ्यात आवडते.

माझ्या स्वतःच्या ट्रकवर हेच झालं होतं म्हणून एवढं तपशिलात लिहितोय. मी चारही प्लग बदलले, रिले बदलला, तरी सकाळी तेच रडगाणं. शेवटी रिलेपासून पट्टीकडे जाणारी मेन वायर हातात धरून वाकवून बघितली तर थिंबलपासून (वायरीच्या टोकाची धातूची कडी) बोटभर अंतरावर ती मऊ लागली, जशी आत काही नसल्यासारखी. वरचं कव्हर एकदम अखंड. ब्लेडने चिरलं तर आतून काळं तेल बाहेर आलं आणि तांब्याच्या तारा हिरव्या-काळ्या होऊन भुगा झालेल्या, मोजून सात-आठ तारा शिल्लक होत्या. तेवढ्या तारा मल्टीमीटरला शून्य ओहम दाखवायला पुरतात, आणि लोड आला की त्यांचा जीव जातो. म्हणून वायर नुसती ओहमवर बघून चांगली आहे असं कधी म्हणू नका, लोड देऊन व्होल्टेजच बघा.

इथे तेलाबद्दल एक गैरसमज आहे तो काढून टाका. इंजिन ऑइल स्वतः करंट वाहून नेत नाही, त्यामुळे कपलरमध्ये तेल गेलं की लगेच शॉर्ट होतो असं नाही. नुकसान हळूहळू होतं. तेलाने कपलरचं रबर फुगतं, इन्सुलेशन आधी मऊ होतं मग उष्णतेने कडक होऊन तडकतं, काजळी आणि धूळ चिकटते, मग त्याच फटीतून पाणी शिरतं आणि तांबं सडायला लागतं. आणि तेल वायरीच्या आतून दिव्याच्या वातीसारखं चढतं. ऑइल प्रेशरचा स्विच आतून लीक झाला तर तेल त्याच्या वायरीतून हातभर लांबच्या कपलरमध्ये निघालेलं मी डोळ्यांनी बघितलंय. तुमच्या गाडीत कपलर उघडल्यावर आत तेल दिसलं आणि बाहेरून कोरडं असेल तर हीच शक्यता धरा. काही इंजिनांमध्ये तर हिटर प्लगची वायर टॅपेट कव्हरच्या पॅकिंगमधूनच आत जाते, तिथे पॅकिंग गेलं की तेल आणि वायरिंग दोन्ही एकदमच बोंबलतात.

साफ करताना कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, डिझेल किंवा पेट्रोलने कपलर धुऊ नका. थिंबल आणि त्याखालचा बोल्ट पॉलिश पेपरने चमकेपर्यंत घासा. सडलेली वायर असेल तर तांबं चकचकीत दिसेल तिथपर्यंत मागे कापा, तेवढ्याच जाडीची नवीन वायर घ्या, थिंबल नीट क्रिंप करा, म्हणजे दाबून बसवा, आणि वरून हीट श्रिंक स्लीव्ह चढवा. नुसती टेप गुंडाळली तर तेल लागून ती आठवड्यात निसटते.

प्लग वर्षात दोनदा बदलले असं तुम्ही लिहिलंय. ते खरंच गेले होते का, जुने ठेवले असतील तर आजही मोजून बघा. खरंच मेले असतील तर कारण शोधायला हवं. रिले चिकटून बसत असेल तर प्लग चावी चालू असेपर्यंत तापत राहतात. इंजिन चालू झाल्यावर काही गाड्यांमध्ये थोडा वेळ, अगदी काही मिनिटंही, हिटर मुद्दाम चालू ठेवतात ते वेगळं, पण दहा-पंधरा मिनिटांनीही प्लगवर व्होल्टेज असेल तर रिले चिकटलाय. प्लगचं टोक फुगलेलं किंवा वितळलेलं दिसलं तर चिकटलेला रिले, अल्टरनेटरचं जास्त व्होल्टेज किंवा नीट फवारा न मारणारा इंजेक्टर या तिघांपैकी कोणीतरी आहे. आणि चुकीच्या व्होल्टचा प्लग ही पण शक्यता बघा. बहुतेक प्लगांवर व्होल्ट छापलेले असतात. नव्या गाड्यांमध्ये ४.४, ५ किंवा ७ व्होल्टचे प्लग येतात, कंट्रोलर त्यांना तुकड्या-तुकड्यात करंट देतो, त्यांना चुकूनही सरळ बॅटरीवर लावून लाल होतो का बघू नका, क्षणात जळतील. वर जे १२ व्होल्टचे आकडे दिले ते पण त्यांना लागू नाहीत.

प्लग काढायचेच झाले तर इंजिन गरम असताना काढा, आदल्या रात्री आट्यांवर पेनिट्रेटिंग ऑइल सोडून ठेवा. अडकला तर जोर करू नका. ८ मिमी आट्यांचा प्लग साधारण २० न्यूटन मीटरला आणि १० मिमीचा ३५ च्या आसपास तुटू शकतो, आणि तुटलेला प्लग काढायला हेड उतरवायची पाळी येते. थोडा ढिला, थोडा परत घट्ट, असं मागेपुढे करत वेळ काढा. बसवताना ८ मिमीला ८ ते १० आणि १० मिमीला १५ च्या आसपास टॉर्क लागतो, तरी तुमच्या इंजिनचं मॅन्युअल सांगेल तो आकडा शेवटचा. वरचा वायरीचा छोटा नट तर नुसता बोटांच्या जोराएवढाच, तिथे लांब पाना लावला की प्लगचं टर्मिनलच आतून फिरतं आणि नवा प्लग बसवता बसवता मेला.

आणि सकाळी चालू होत नाही म्हणून हवेच्या पाइपमध्ये स्टार्टिंग स्प्रे मारू नका. हिटर प्लग असलेल्या इंजिनात त्या स्प्रेमधलं ईथर तापलेल्या टोकावर नको त्या वेळी पेटतं, पिस्टन-रिंग फुटू शकतात. ज्यांच्या मोठ्या ट्रकला हिटर प्लगच नसतात आणि हवेच्या वाटेत हिटरची जाळी असते त्यांनी तर अजिबातच नाही.

आता तेल. पहिलं, ते कुठलं तेल आहे ते बघा. पांढरा पुठ्ठा रात्री खाली सरकवा. काळं आणि जळकट वास म्हणजे इंजिन ऑइल, गंधकासारखा उग्र वास म्हणजे गिअर ऑइल, पातळ आणि जिथे पडलं तिथली घाण धुऊन चकचकीत करणारं म्हणजे डिझेल. डिपस्टिकवर लेव्हल कमी व्हायच्या ऐवजी वाढत असेल तर डिझेल किंवा पाणी तेलात मिसळतंय, तेव्हा गाडी चालवू नका, आधी तेच बघा.

इंजिन ऑइलच असेल तर एक नियम धरा, तेल वरून खाली येतं आणि चालत्या गाडीत वारा ते मागे ढकलतो. म्हणजे जिथे टपकतं ती जागा सोडून द्या, सगळ्यात वरची आणि सगळ्यात पुढची ओली जागा शोधा. त्यासाठी इंजिन धुवावं लागेल, दुसरा मार्ग नाही. अल्टरनेटर आणि कपलरवर प्लास्टिक बांधा, डिग्रीझर लावून ब्रशने घासा, हलक्या धारेने धुवा, जोराच्या प्रेशरने कपलरमध्ये पाणी घुसवू नका. पूर्ण सुकलं की संशयाच्या जागांवर टाल्कम पावडर भुरभुरा आणि दहा-पंधरा मिनिटं इंजिन चालवा, एक छोटी फेरी मारा, मग टॉर्च घेऊन बघा. पांढऱ्या पावडरवर तेलाची पहिली रेघ जिथून सुरू होते तीच जागा. टॅपेट कव्हरचा मागचा कोपरा हाताने चाचपून बघा, तिथे डोळा पोचत नाही, बोट पोचतं. टर्बो असेल तर त्याचा तेल परत आणणारा जाड पाइप, ऑइल फिल्टरची बैठक, प्रेशर स्विच, हे सगळे त्याच वाटेवर असतात. बेल हाउसिंगला खाली तपासणीचं भोक असतं तिथून आत बघा. आतून कोरडं आणि बाहेरून ओलं असेल तर क्रँक सील निर्दोष आहे, गिअरबॉक्स उतरवायचं कारणच नाही. आतून ओलं असेल तरच त्याचा विचार.

पॅकिंग नवीन टाकून दोन महिन्यात परत गळलं, याचं मला जास्त वाटतं. याची दोन कारणं नेहमी निघतात. एक म्हणजे बोल्ट आवळून आवळून कव्हरच वाकवलेलं असतं. टॅपेट कव्हरच्या बोल्टला फार तर ८ ते १० न्यूटन मीटर लागतात, कव्हर सपाट काचेवर उलटं ठेवून कुठे फट दिसते का बघा. सिलंट थापून भरपाई करू नका, आत निघालेले सिलंटचे धागे तेलाच्या जाळीत जाऊन अडकतात.

दुसरं कारण ब्रीदर, आणि तुमच्या बाबतीत माझा जास्त संशय याच्यावर आहे. पिस्टनच्या रिंगांमधून थोडा गॅस खाली सगळ्याच इंजिनात उतरतो, ब्रीदरच्या पाइपने तो बाहेर निघतो. तो पाइप काजळीने किंवा पांढरट मलईसारख्या चिकट्याने बुजला की आत प्रेशर तयार होतं, आणि ते प्रेशर सगळ्यात कमजोर पॅकिंग शोधून तेल बाहेर ढकलतं. एक पॅकिंग बदललं की दुसरं गळतं. इंजिन मंद चालू असताना तेल भरायचं झाकण काढून भोकावर उलटं ठेवा, जरा जपून, काही इंजिनात गरम तेल उडतं. झाकण थोडं थरथरलं तर ठीक. उडून पडत असेल तर बॅक कॉम्प्रेशन मारतंय, म्हणजे आतलं प्रेशर जास्त झालंय, पण लगेच रिंग-लायनरचा खर्च मान्य करू नका, आधी ब्रीदरचा पाइप आणि त्याचा व्हॉल्व्ह काढून साफ करा आणि झाकण परत ठेवून बघा. साफ केल्यावरही तेवढंच उडालं तर कॉम्प्रेशन टेस्ट करून घ्या. तुमची गाडी गरम झाल्यावर नीट चालते, म्हणून मला ब्रीदरच निघेल असं वाटतं.

तुम्ही विचारलंय आधी काय. आधी वर सांगितलेलं इलेक्ट्रिकचं मोजमाप, कारण त्याला अर्धा तास लागतो आणि आकडे हातात आले की कोणी काहीही गळ्यात मारू शकत नाही. मग इंजिन धुऊन तेलाची जागा. मग ब्रीदर साफ, मग पॅकिंग, आणि वायर सगळ्यात शेवटी नवीन करा, कारण तेल चालू असताना नवीन वायर टाकली तर ती पण त्याच वाटेने जाईल. तोपर्यंत सकाळी घाई असेल तर दिवा विझल्यावर चावी बंद करून परत फिरवा आणि दुसऱ्यांदा दिवा विझल्यावर सेल्फ मारा. करंट कमी पोचत असेल तर दोन वेळच्या तापण्याने बऱ्यापैकी फरक पडतो. फरक पडला तर तेही लिहून ठेवा, प्लग जिवंत आहेत याचा तो एक पुरावाच आहे.

आणि एक, तेल सायलेन्सरच्या मॅनिफोल्डवर किंवा टर्बोवर ठिबकत असेल, चढावर जळका वास येत असेल, तर बाकी सगळं बाजूला ठेवून आधी तेवढं बंद करा, तिथे आग लागते. खाली शिरताना नुसत्या जॅकवर गाडी ठेवू नका, स्टँड लावा.

बॅटरीवरचं आणि प्लगवरचं, हे दोन व्होल्टेजचे आकडे आणि झाकण उडालं की नुसतं थरथरलं एवढं मला कळवा, पुढचं त्यावरून सांगतो.